माया ठेवून कापलेली पेटी

४ जानेवारी

चि. खटपट,

आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता, पण मी फोनवर बोललो की गल्ली ऐकते आणि ही गोष्ट गल्लीत जायला नको. तुझ्या काकूलाही कळायला नको.

तुला आठवत असेल, सुट्टीत तू आमच्या टेलरिंगच्या दुकानात येऊन बसायचीस. मी मशीनवर, काकू काजं-बटणांवर, आणि तू माझा रेडिओ उघडून त्याचे स्क्रू हरवण्यावर. खटपट हे नाव तेव्हाच पडलं तुला. काकू हातात सुई धरून आदल्या संध्याकाळी पाहिलेला सिनेमा सांगायची. नुसती गोष्ट नाही. कोण काय बोललं, कसं बोललं, बोलण्याआधी कितीदा आवंढा गिळला, सगळं. गिऱ्हाईक पँट न्यायला यायचं आणि मध्यंतरापर्यंत बसून राहायचं. तेव्हा लोक म्हणायचे, मास्तर, शिलाई तुमची बरी आहे, पण आम्ही येतो वहिनींसाठी.

गेलं वर्षभर तिनं एकही सिनेमा सांगितलेला नाही. आता दुकान घराच्या पुढच्या खोलीत आलंय, कामही थोडंच घेतो, पण सांगायला माणसं कमी नाहीत. तिच्या कानांनीच दगा दिलाय. आधी ती दर वाक्याला विचारायची, "काय म्हणाला तो?" मी सांगेपर्यंत पुढचं वाक्य जायचं, मग दोघांचंही तेल गेलं, तूपही गेलं. नंतर तिनं विचारणंच सोडलं. खरं सांगतो, विचारत होती तोवर मला भीती नव्हती.

डॉक्टरांनी दिलेलं कानातलं यंत्र बटणांच्या डब्यात पडून आहे. म्हणते, "हे घातलं की मोटारीचा भोंगा तेवढा मोठा होतो, माणूस तसाच पुटपुटत राहतो." परवा तर चालू सिनेमात खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसली. मी म्हटलं, अगं, सिनेमा चालू आहे. म्हणाली, "चालू दे. मला ओठ हलताना दिसतात नुसते. तसे मासेपण हलवतात."

तुझा भाऊ बदली होऊन गेला तेव्हा त्याचा अॅम्प्लिफायर आणि दोन उभे स्पीकर इथेच ठेवून गेला. ते मी टीव्हीला जोडून घेतले, तरी फरक नाही. कोणी म्हणतं, मध्ये आणखी एक आडवा स्पीकर लागतो. दुकानात त्याची किंमत विचारली आणि पाणी मागून प्यायलो.

तू स्पीकर दुरुस्त करतेस. घरच्या घरी, स्वस्तात असला एखादा होईल का? सातवी नापास माणसाला समजेल असं लिही.

तुझा काका


१५ जानेवारी

ती. काकांना खटपटीचा नमस्कार.

पाणी मागून प्यायलात ते बरं केलंत. त्या दुकानात आमचं काय होतं ते विचारू नका.

होईल. अगदी नक्की होईल. सिनेमात गाणी, वाद्यं, भोंगे एकीकडे भरलेले असतात आणि माणसांचं बोलणं बहुतेक सगळं मधल्या स्पीकरसाठी वेगळं ठेवलेलं असतं. तुमच्याकडे मधला स्पीकरच नाही, म्हणून ते बोलणं दोन्ही बाजूंना वाटलं जातं आणि त्या गोंगाटात बुडतं. मधला बसवला की नुसतं बोलणं वाढवता येतं, बाकीचं आहे तेवढंच. कानातलं यंत्रसुद्धा मग उपयोगाचं ठरेल.

अॅम्प्लिफायरच्या पाठीमागे दोन उभ्या स्पीकरांच्या तारा आहेत, त्यांच्या मधोमध तारा अडकवायच्या खाचांची एक रिकामी जोडी दिसेल. ती याचसाठी आहे.

पेटी आडवी. आतली मापं देते: लांबी पन्नास सेंटिमीटर, उंची अठरा, खोली वीस. म्हणजे आत अठरा लिटर हवा मावते. त्यात दोन मोठे स्पीकर, दोघांच्या मधे एक छोटा. मोठ्यांनी भरदार आवाज काढायचा, छोट्यानं स, श, त, च असली टोकदार अक्षरं. कोणी काय काढायचं याची वाटणी करणारं एक सर्किट असतं, ते मी जोडून पाठवते. स्पीकर आजच मागवलेत. तोवर लाकूड बघून ठेवा.

काकूला मी काही बोलणार नाही.

तुमची खटपट


२७ जानेवारी

चि. खटपट,

तुझं पत्र मी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून हिंडतो. घामानं "अठरा" थोडं पुसट झालंय, पण मापं मला पाठ आहेत.

लाकूड बघून ठेवलंय. चांगलं आहे.

काही शंका आहेत, हसू नकोस. पेटीला शॉक लागतो का? आवाज फार वाढवला तर ती फुटते का? घरात उंदीर आहे, त्याला स्पीकरचा कागद आवडतो असं शेजारी सांगतात, ते खरं का? सगळं करून पुन्हा तिला ऐकूच आलं नाही तर? ही शेवटची शंका पहिली समज.

काकूला संशय आलाय. मी वखारीतून परत आलो तर अंगावरचा भुसा बघून म्हणाली, "या वयात कबुतरं पाळायची आहेत का?" मी हो म्हणालो. आता ती रोज विचारते, किती कबुतरं?

आणि एक वाईट बातमी. ती म्हणते, टीव्ही आणि ती सगळी यंत्रं समोरच्या नर्सबाईंना देऊन टाकू, त्यांची ड्युटी संपून आल्यावर त्यांना करमत नाही, इथे नाहीतरी कोण बघतंय. मी मार्चअखेरपर्यंत थांब म्हटलंय. कशाला, विचारलं तर तोंडाला येईल ते बोललो, हवा बदलू दे म्हटलं. हवेचा आणि टीव्हीचा काय संबंध ते मला अजून सुचलेलं नाही.

लवकर पाठव.

तुझा काका


९ फेब्रुवारी

ती. काका, नमस्कार.

उंदराला मसालेदार काही घाला, तो कागदाकडे फिरकणार नाही. शॉक लागत नाही. पेटी फुटत नाही.

आता जरा बसून वाचा. मी मागवलेले स्पीकर बनवणंच बंद झालंय. महिनाभर "येतील, येतील" म्हणत होते, आता म्हणतात येणार नाहीत. त्याच जातीचे दुसरे आपल्याला परवडणारे नाहीत. म्हणून बदली माल शोधलाय. दोन मोठे एका बंद पडलेल्या रेडिओ कारखान्याच्या गोदामातून मिळाले, न वापरलेले. छोटा गाडीत बसवतात त्यातला आहे. तो जरा ओरडा आहे, म्हणून त्याच्या वाटेवर सर्किटमध्ये मी अडसर घातलाय, म्हणजे तो मोठ्यांच्या बरोबरीनं बोलेल.

पण एक अडचण आहे. या मोठ्यांना जास्त हवा लागते. साडेएकवीस लिटरच्या आसपास. अठरा लिटरच्या पेटीत ते कोंडतील आणि माणूस घसा बसल्यासारखा बोलेल. तुम्ही लाकूड नुसतं बघून ठेवलंय हे किती बरं झालं! कापण्याआधी मला कळवा, नवी मापं पाठवते.

सामान उद्या पार्सलनं निघेल.

तुमची खटपट


२ मार्च

ती. काका,

पार्सल पोचल्याची पावती आली, पण तुमचं पत्र नाही. मापं मागितली नाहीत, उंदराची तक्रारही नाही. तुम्ही शंका न विचारता तीन आठवडे राहिलात याचीच मला काळजी वाटते. दोन ओळी टाका.

खटपट


६ मार्च

चि. खटपट,

लिहायला तोंड नव्हतं.

लाकूड मी बघून ठेवलं नव्हतं, कापून ठेवलं होतं. तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात. कापून, सरस लावून, वर तिन्ही जुन्या लोखंडी इस्त्र्या वजनाला ठेवून पेटी चिकटवूनसुद्धा झाली होती. हातात माप आलं की मला थांबवत नाही. तुझं नऊ तारखेचं पत्र वाचलं आणि ती पेटी पलंगाखाली सारली. तिच्याकडे बघवेना. जेवण जाईना. काकू म्हणाली, "कबुतरं उडून गेली वाटतं."

परवा मात्र मनाशी म्हटलं, किती चुकलंय ते तरी बघू. अंगणात पेटी उताणी ठेवली. समोरची फळी अजून बसवलेली नाही, त्यामुळे वरून उघडीच आहे. कोरडी वाळू आणली आणि दुधाच्या लिटरच्या मापानं आत ओतत गेलो. अठरा झाली. वाळू काठापासून बरीच खाली. मला वाटलं, मोजण्यात चुकलो. पुढे ओतली. एकवीस झाली आणि बाविसाव्यातलं अर्ध्याहून थोडं जास्त बसलं, मग काठोकाठ.

मी पेटीला टेप लावला. मग उलगडा झाला.

मी टेलर आहे गं. आयुष्यात मापावर कापड कापलेलं नाही. शिवणीत दाबायला म्हणून दोन्ही बाजूंना जास्तीचं सोडायचं, त्याला आम्ही माया म्हणतो. हात आपोआप सोडतो. वखारवाल्याला कागद दिला तेव्हा प्रत्येक मापात दीड सेंटिमीटर जास्त लिहिलेलं होतं. तो म्हणालाही होता, "मास्तर, हे साडेएकावन्न काय माप झालं? सरळ पन्नास करा की." मी म्हटलं, "तू काप. कमी पडलं तर जोडता येत नाही, जास्त झालं तर दाबता येतं." तो म्हणाला, "लाकूड दाबून दाखवा, मी वखार तुमच्या नावावर करतो." नंतर घरी आलो आणि खरंच, लाकूड दाबायचं कसं ते सुचलं नाही. म्हणून तसंच चिकटवून टाकलं. तुला सांगायची हिंमत झाली नाही.

समोरच्या फळीत भोकं मात्र पाडलेली नाहीत. अंग समोर नसताना गळा कापायचा नाही, हा आमचा नियम. तेवढा पाळला.

आता सांग, ही पेटी चालेल की चुलीत घालू?

तुझा काका


१२ मार्च

काका!

नमस्कार नंतर. चुलीत काय घालता! मला साडेएकवीस हवे होते आणि तुम्ही साडेएकवीसच्या वर एक घोट दिलात. स्पीकरांची पाठ आणि कापूस आत गेला की तो घोटही हिशेबात जाईल. पत्र वाचून मी वर्कशॉपमध्ये एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारचा रंगारी शिडीवरून खाली बघायला लागला.

आता माझीही लपवाछपवी ऐका. हे बदली स्पीकर घेऊन मी आधी कधी काही बनवलेलं नाही. त्यांची मापं स्वतः काढली, आकडेमोड केली, पण खात्री नव्हतीच. तुम्ही अठराची पेटी कापून बसला असाल असं मला वाटलंच होतं. तुम्ही आणि थांबणार!

भोकं स्पीकर समोर ठेवून, कागदाचा नमुना काढून पाडा. आधी लहान, मग कानसीनं मोठी. आतून कोटाच्या खांद्यात भरता तो कापूस सैल भरा, ठासू नका. सर्किट मागच्या फळीला. त्यातून निघणाऱ्या तारांत लाल ती अधिक, काळी ती उणे. प्रत्येक स्पीकरला दोन पट्ट्या आहेत, एकीला लाल, एकीला काळी. झालं.

लवकर करा, मार्च निम्मा होत आला.

तुमची खटपट


२१ मार्च

चि. खटपट,

संपलं सगळं.

पेटी तू बघायला हवी होतीस. कडा पॉलिशपेपरनं अशा घासल्या की हात फिरवला तर कॉलर वाटावी. समोरच्या फळीवर सुटाचं उरलेलं काळं कापड ताणून बसवलं, एक सुरकुती नाही. तारासुद्धा नीट लावल्या. मोठ्यांच्या पट्ट्यांवर काही खूण नव्हती, म्हणून डोकं चालवलं. दोन्ही मोठ्या स्पीकरांना लाल तार बाहेरच्या अंगाला, काळी आतल्या अंगाला. शर्टाच्या पुढच्या दोन बाजू जशा समोरासमोर एकमेकींचं प्रतिबिंब असतात, तशाच. बघायला इतकं नेटकं की झाकायला जीव होईना.

काल संध्याकाळी टीव्हीखाली ठेवली. काकूला हाक मारली. ती आली, पेटी बघितली, खुर्ची टीव्हीकडे फिरवून बसली. वर्षभरात पहिल्यांदा. मी चालू केलं.

माणूस पाण्याच्या टाकीत बसून बोलावा तसा आवाज. पातळ, पोकळ, पोटच नाही त्याला. मी वाढवला तर टाकी मोठी झाली. काकू पुढे वाकली, कपाळाला आठ्या घालून थोडा वेळ ऐकत राहिली. मला माझ्याच घरात उभं राहवेना.

मग ती उठली. पेटीवर हात फिरवला आणि म्हणाली, "पेटी फार सुंदर झालीय हो. कबुतरं सुखात राहतील." रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. खुर्ची पुन्हा खिडकीकडे केली.

महिनाअखेरीला नर्सबाई हातगाडीवाला घेऊन येणार आहेत. दोष तुझा नाही. बदली माल शेवटी बदलीच, आणि बनवणारा सातवी नापास.

तुझा काका


२४ मार्च

काका, हे पत्र हातातलं टाकून वाचा.

माल चांगला आहे, तुम्हीही चांगले आहात. चूक माझी. या मोठ्या स्पीकरांवर अधिकची पट्टी दाखवणारा लाल ठिपका नसतो, हे मी लिहायलाच विसरले.

शर्टाच्या दोन बाजू समोरासमोर असतात, पण हे दोन स्पीकर एकाच बाजूच्या दोन बाह्यांसारखे हवेत, जुळे. तुमच्या नेटक्या तारांमुळे एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. एकानं बाहेर दिलेली हवा दुसरा गिळून टाकतो. मग पोट राहणार कुठून?

भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढा. सर्किटच्या तारा सोडवा. सेलची टोचरी बाजू एका पट्टीला, सपाट बाजू दुसरीला, क्षणभरच टेकवा. पडदा टुणकन पुढे आला तर टोचऱ्या बाजूची पट्टी ती लाल तारेची. मागे गेला तर उलट. छोट्याला सेल लावू नका, त्याला ठिपका आहे. दोन्ही मोठ्यांचं असं करा.

आणि नर्सबाईंना चहा पाजून बसवून ठेवा.

खटपट


३१ मार्च

चि. खटपट,

आशीर्वाद, आशीर्वाद, आणि पुन्हा आशीर्वाद. घड्याळात सेल परत घालायचा राहिलाय, त्यामुळे आमच्याकडे अजून काल दुपारच आहे.

तुझं पत्र काल आलं आणि नर्सबाईही कालच यायच्या होत्या. काकू मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी स्क्रू काढून मागची फळी उघडली. सेल टेकवला. डावा टुणकन पुढे. उजवा आत! माझा सख्खा शत्रू असल्यासारखा आत. त्याच्या तारा उलट्या केल्या, फळी लावली, टीव्ही चालू केला. अॅम्प्लिफायरवर मधल्या स्पीकरचा आवाज दोन घरं वाढवला. एवढ्यात नर्सबाई आणि हातगाडीवाला दारात. मी तोंडावर बोट ठेवलं आणि दोघांना खुर्च्या दाखवल्या.

पडद्यावर कोर्ट चाललं होतं. वकील दारात सापडलेल्या ओल्या छत्रीबद्दल विचारत होता. एक कोरीव दाढीचा गृहस्थ पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, "मी त्या संध्याकाळी घराबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नाही."

आवाज त्याच्या तोंडातून आला, खटपट! टाकीतून नाही. छातीतून निघून दातांतून आला.

आणि मागच्या खोलीतून काकू ओरडली, "खोटं बोलतोय मेला! मग छत्री ओली कशी?"

नर्सबाई दचकल्या. काकू दारात आली. हातात माझाच पायजमा, अर्धी घडी घातलेला. पडद्याकडे बघत राहिली. तिकडे वकिलानं विचारलं, "छत्री कोणाची?" तो म्हणाला, "माझ्या मेव्हण्याची." काकू म्हणाली, "घ्या! आता मेव्हण्यावर ढकलतोय." मग काय झालं तिचं तिलाच कळलं. माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. पायजमा माझ्या अंगावर टाकून बटणांच्या डब्याकडे गेली, कानातलं यंत्र शोधून घातलं आणि खिडकीकडची खुर्ची ओढत आणून टीव्हीसमोर लावली. नर्सबाईंना म्हणाली, "तुम्ही जरा सरका बाई, मधे येताय."

कोणी काही नेलं नाही. हातगाडीवाला उंबऱ्यावर बसला तो सिनेमा संपेपर्यंत. एकदा नर्सबाईंनी विचारलं, "काय म्हणाला तो?" तर काकूनं सांगितलं! मान न वळवता, पुढचं वाक्य न सोडता.

संपल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "कबुतरं चांगली बोलतात." तुझं नाव सांगितलं तेव्हा डोळे पुसले आणि म्हणाली, "त्या रेडिओचे स्क्रू वसूल झाले."

आता माझं दुःख ऐक. आज सकाळी पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. नर्सबाई ड्युटीवरून थेट इकडे आल्या. हातगाडीवाला बायकोला घेऊन आलाय. वखारवाला कशाला आला, देव जाणे, म्हणतो पेटी बघायला आलोय, पण बसलाय काकूकडे तोंड करून. एक गिऱ्हाईक पँट न्यायला आलेलं, ते पँट मांडीवर घेऊन बसलंय. काकूच्या हातात काज, सुई वर धरलेली, आणि ती तो सिनेमा सांगतेय. दाढीवाल्याचा आवाज काढतेय. आवंढे गिळतेय. मला बाजूला सरून मशीन चालवायचीही परवानगी नाही, म्हणते खडखड होते.

आणि गंमत अशी की सिनेमा मी पाहिलेलाच नाही. काल पहिल्यापासून शेवटपर्यंत मी पेटीकडेच बघत होतो, बंद पडेल या भीतीनं. कोणाची छत्री, कोण मेव्हणा, मला काही पत्ता नाही. म्हणून आत्ता मधेच विचारलं, "अगं, शेवटी काय म्हणाला तो?"

दातांत दोरा धरून तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "थांबा हो जरा. अजून मध्यंतरसुद्धा झालेलं नाही."

थांबलोय.

तुझा काका